ब्लॅक होल पृथ्वीला खेचतंय, हा मेसेज चुकीचा आहे

ऐरोली-घणसोलीच्या बऱ्याच सोसायटी ग्रुपवर दोन दिवस फिरतंय की आकाशगंगेच्या मध्यभागचं ब्लॅक होल (कृष्णविवर, म्हणजे इतकी दाट वस्तू की तिच्यातून प्रकाशही सुटत नाही) सगळं गिळत सुटलंय, आता पृथ्वीचा नंबर. तसं काही नाहीये. लहान मुलं खरंच घाबरलीयेत म्हणून लिहितोय.

ते ब्लॅक होल, धनू ए स्टार, आहे सूर्याच्या साधारण 40 लाख पट वस्तुमानाचं, पण आपल्यापासून जवळजवळ 26 हजार प्रकाशवर्षं लांब (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात जेवढं जातो तेवढं अंतर), आणि गुरुत्वाकर्षण ठरतं वस्तुमान आणि अंतर यावरच, ब्लॅक होल असल्याने त्याला वेगळी खेचायची ताकद येत नाही. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं ब्लॅक होल ठेवलं, जेमतेम 6 किमी व्यासाचं, तर अंधार होईल, गारठून जाऊ, पण पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील! आणि हे नुसतं कागदावर नाही, एस2 नावाचा तारा त्या ब्लॅक होलभोवती 16 वर्षांत एक फेरी मारतो, 2018 मध्ये अगदी जवळून गेला आणि सुखरूप पुढे निघाला. अशा ताऱ्यांचं वर्षानुवर्षं निरीक्षण करून आकाशगंगेच्या मध्यभागची ही प्रचंड वस्तुमानाची वस्तू शोधल्याबद्दल गेंझेल आणि गेझ या खगोलशास्त्रज्ञांना 2020 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. घरात पुस्तक असेल तर मुलांसोबत सूत्र काढून बसा, वस्तुमान किती, अंतर किती विचारा, भीती गणितातच जाईल. तो मेसेज मात्र प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.