मुक्त समुद्र आणि आपला किनारा

समुद्राच्या मालकीवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘समुद्र कुणाच्याच मालकीचा नाही, हे जगाला ग्रोशियसनं १६०९ मध्ये शिकवलं’ हे वाक्य खटकलं. ग्रोशियस हा डच कायदेपंडित, आणि मुक्त समुद्राची बाजू मांडणारी त्याची ती पुस्तिका मुळात वकिली कैफियत. १६०३ मध्ये हीम्सकेर्क या डच कप्तानानं सिंगापूरजवळ पोर्तुगीजांचं ‘सांता कातारिना’ हे जहाज पकडलं. आतलं चिनी रेशीम, चिनी मातीची भांडी अ‍ॅम्स्टरडॅमला लिलावात गेली. त्या लुटीचं समर्थन लिहायला डच ईस्ट इंडिया कंपनीनं या तरुण वकिलाला गाठलं, आणि त्याच लिखाणातलं एक प्रकरण पुढे पुस्तिका म्हणून निघालं.

आपल्या किनाऱ्यावर तर हा वाद पोटापाण्याचा होता. पोर्तुगीजांचा कार्ताझ, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना, जवळ नसला की गलबत मालासकट जप्त. त्या परवान्यावर जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, कुठून कुठे जाणार, हत्यारं किती, सगळं टिपलेलं असायचं. पुढे अठराव्या शतकात कान्होजी आंग्र्यांनी तसंच दस्तक, म्हणजे परवाना, मागायला सुरुवात केली, तर इंग्रजांनी त्यांना समुद्री चाचा ठरवलं! याचा मला मनापासून राग येतो. कान्होजी छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते, त्यांचा हक्क कार्ताझवाल्यांपेक्षा कमी कसा? पुढच्या लेखात यावर जरूर लिहा.