हात मागे, मान तिरकी

समकालीन कलेबद्दल माझी तक्रार नाही. कुणी केळं टेपने भिंतीला चिकटवावं, 2024 साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते 62 लाख डॉलरला जावं आणि घेणाऱ्याने पत्रकारांना बोलावून ते सोलून खावं, हा त्या तिघांचा आपसातला मामला आहे. माझी अडचण फार साधी आहे: हे सगळं बघताना चेहरा कोणता ठेवायचा?

बारशाला, सांत्वनाला, मुलगी बघायला गेल्यावर कोणता चेहरा लावायचा हे घरात न सांगताही शिकवलं जातं. गॅलरीचा चेहरा मात्र कुणी दिलाच नाही. हसलो तर चित्र गंभीर निघतं. गंभीर झालो तर शेजारचा गृहस्थ खो खो हसतो आणि ‘विट्टी’ म्हणतो. शेवटी भाचीने, म्हणजे आमच्या घराण्यातल्या एकमेव चित्रकलेच्या विद्यार्थिनीने, मला तयार केलं. “मामा, हात मागे बांध. मान थोडी तिरकी. आणि किंमत विचारू नकोस.”

सुरुवात मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीपासून केली, कारण तिथे पैसे पडत नाहीत आणि एसी आहे. 1952 सालापासून ही वास्तू काळ्या घोड्याच्या उन्हातून पळून आलेल्यांना आश्रय देते आहे. पण तिथे एक वेगळंच संकट असतं. चित्रकार स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला असतो. त्या बिचाऱ्याने कित्येक वर्षं आधी नंबर लावलेला असतो, तेव्हा कुठे आठवडाभर दालन मिळतं. त्यामुळे तो आपल्याकडे फार आशेने बघतो. आपण चित्राकडे बघायचं आणि त्याने आपल्या पाठीकडे. पहिल्या चित्रासमोर मिनिटभर रेंगाळलो की पुढच्या प्रत्येकासमोर तेवढंच थांबणं आलं, नाहीतर पंक्तिप्रपंच होतो. तिसऱ्या भिंतीपर्यंत माझे गुडघे बोलू लागले होते, पण आठ चित्रं बाकी होती आणि तो माणूस अजून बघत होता.

आणि मग दाराशी अभिप्रायवही. माझ्या आधीच्या बाईंनी ‘रंगसंगती अप्रतिम!’ असं लिहून सही ठोकली होती. प्रदर्शन कोळशाच्या रेखाटनांचं होतं. चित्रकार मान उंचावून माझं पेन कुठल्या दिशेला चाललंय ते पाहत होता. मी नाव लिहिलं आणि अभिप्रायाच्या रकान्यात ‘डोंबिवली’ असं लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं.

पूर्वी अशा वेळी तिथल्याच समोवार कॅफेमध्ये शिरून चहा मागवता येत असे. ते 2015 साली बंद झालं. जवळ बसायची सोय नसेल तर कला अंगावर येते, हे माझं ठाम मत आहे.

“तुला हे जड गेलं?” भाची म्हणाली. “1992 साली हुसेननी ह्याच गॅलरीत पांढरं कापड टांगलं होतं आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचे तुकडे पसरले होते. बस्स. तेवढंच प्रदर्शन. श्वेतांबरी.” मी मनात हिशेब केला. म्हणजे थांबायला एकच जागा. मला हुसेनबद्दल एकदम आदर वाटला.

मग चित्रकार गायतोंडे सांगून झाले. नागपूरला जन्मलेला, गिरगावात राहिलेला आपला माणूस. वर्षाला मोजकीच चित्रं करायचा आणि त्यांना नावं द्यायचा नाही. त्यातलं एक 2021 साली जवळजवळ 40 कोटींना गेलं. मी गायतोंड्यांचं चित्र एकदा प्रत्यक्ष पाहिलं आहे आणि खरं सांगायचं तर त्यासमोर मला चेहऱ्याची आठवण झाली नव्हती. पण ते बोलायची सोय नाही, भाची लगेच “का?” विचारते.

संध्याकाळी ती मला कुलाब्यातल्या एका खासगी गॅलरीच्या ओपनिंगला घेऊन गेली. जुनी इमारत, करकरणारा लाकडी जिना, वर काचेचं दार. ते ढकलायचं की ओढायचं हे लिहिलेलं नव्हतं. आत पांढऱ्या भिंती, आणि हनुवटीएवढ्या उंच काउंटरमागे एका मुलीचं फक्त कपाळ. आपण आलो याची त्या कपाळाने दखल घेतली नाही. भिंतीवरच्या टिपणात ‘स्मृती’, ‘विस्थापन’, ‘शरीर’ आणि ‘अवकाश’ हे चार शब्द होते, उरलेली सगळी क्रियापदं. मी मुकाट्याने पाट्या वाचू लागलो. ‘गंजलेला पत्रा, सुतळी, ध्वनी. 48 बाय 36 इंच.’ इंच तरी पडताळता येतात.

इतक्यात कुणीतरी माझ्या हातात वाइनचा ग्लास दिला. त्यामुळे हात मागे बांधण्याची विद्या गेली. वाइन दोन घोटांत संपली आणि खरी परीक्षा सुरू झाली: रिकामा ग्लास ठेवायचा कुठे? टेबल नाही. खिडकीच्या कट्ट्यावर तीन विटा होत्या, त्या कलावंताच्या की गवंड्याच्या ते कळेना. भाचीने वाटेतच मला इटलीतल्या बोल्झानोची गोष्ट सांगितली होती. तिथल्या संग्रहालयात 2015 साली शॅम्पेनच्या रिकाम्या बाटल्या आणि सिगारेटची थोटकं मांडली होती. सफाईवाल्यांना वाटलं, रात्रीच्या पार्टीचा कचरा आहे. त्यांनी इमानेइतबारे पिशव्या भरल्या. मग त्याच पिशव्या उपसून कलाकृती पुन्हा उभी केली. माझा प्रश्न त्याच्या बरोबर उलटा होता. माझा ग्लास कुणी उचललाच नाही तर?

कोपऱ्यात एक लाकडी स्टूल दिसलं. पण एक जोडपं त्याच्यासमोर उभं होतं. हात मागे, मान तिरकी. त्यांचं होईपर्यंत मी शेजारच्या पडद्याकडे वळलो. पडद्यावर एक नळ ठिबकत होता. बराच वेळ ठिबकला. मग पहिल्यापासून ठिबकू लागला.

पडद्याला टेकून गॅलरीचा रखवालदार उभा होता. मिशा, बिल्ला, पायांत दुखतंय असा चेहरा. त्याने माझा ग्लास हेरला.

“द्या इकडं साहेब.” ग्लास घेऊन तो हळूच म्हणाला, “ती दोघं हलली की स्टुलाखाली ठेवतो.”

“स्टूल तुमचं?”

“माझंच की. मगापासनं बघत्यात. मधेच बसलो तर बरं दिसंना.”

“कधीपासून उभे आहात?”

“ती आल्यापासनं. त्यांच्या आधी एक म्हातारं होतं.”

मी पडद्याकडे बोट केलं. “हे दिवसभर चालू?”

“सकाळी अकरा ते रात्री बंद करस्तोवर.” त्याने नळाकडे जाणकारासारखं पाहिलं. “ह्ये बरंय साहेब. मागल्या खेपेला एक बाई हसायची. दिवसभर. घरी जाऊन आडवा झालो तरी ऐकू यायची. मालकीण विचारायची, काय झालं? आता कामावरची बाई हसत्ये म्हणून कसं सांगणार?”

एवढ्या वेळात माझा चेहरा काय करत होता कोण जाणे. जोडपं स्टूल सोडून विटांकडे गेलं. रखवालदार बसला आणि त्याने बूट सैल केले.

दारातून भाची हाका मारत होती. “मामा, चल ना! वरच्या मजल्यावर अजून एक गॅलरी आहे.”

“वर काय आहे?” मी रखवालदाराला विचारलं.

“अंधार,” तो म्हणाला. “पण बसाया बाकडी हायत.”