दिल्ली पौषात नव्हे, फाल्गुनात पाहावी

दसरा जवळ आला की नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दिल्ली-सहलीचा एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: दिल्ली पाहायची तर नोव्हेंबर ते जानेवारीतच. ऊन नाही, घाम नाही, म्हणून दिवसभर फिरता येतं. दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या आयत्या मिळतात. २६ जानेवारीला राजधानी नटलेली असते. थंडीतलं खाणं एरवी मिळत नाही. मार्चपासून उन्हाळा आणि मग पाऊस, त्यामुळे बाकीचं वर्ष बाद.

मी चौदा वर्षं दिल्लीत राहते आणि दरवर्षी या सल्ल्यावर विसंबून आलेले पाहुणे माझ्या घरी उतरतात. मजकूर लिहिणाऱ्याने तापमानाचा तक्ता पाहिला असावा, पण त्या महिन्यांत इथे श्वास घेतलेला नसावा.

दिवाळीच्या सुट्टीपासून सुरुवात करते, कारण तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. ऑक्टोबर संपता संपता पंजाब-हरियाणात भाताची कापणी उरकते. गव्हाच्या पेरणीला जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात, म्हणून शेतात राहिलेली खुंटं जाळून रान मोकळं केलं जातं. इकडे त्याला पराली म्हणतात. सगळा दोष त्या धुराच्या माथी मारणं मात्र शेतकऱ्यावर अन्याय आहे. दिल्लीची स्वतःची वाहनं, बांधकामांची धूळ, कारखाने, जाळला जाणारा कचरा हे बारा महिने चालूच असतं. नोव्हेंबरात वारा पडतो, रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते आणि वरच्या उबदार थराखाली अडकून बसते. एरवी वर निघून जाणारा धूर मग झाकण ठेवलेल्या पातेल्यातल्या वाफेसारखा खालीच कोंडतो. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचा हवा-निर्देशांक ४९० च्या पुढे गेला होता, आणि आपल्याकडची ती मोजपट्टी संपतेच मुळी ५०० वर. शाळांचे वर्ग ऑनलाइन भरवावे लागले.

माझी मामी अशाच एका भाऊबीजेनंतर कोल्हापूरहून आली होती. तिला दम्याचा जुना त्रास, पण आटोक्यातला. पहिल्या दिवशी राजघाट, दुसऱ्या दिवशी इंडिया गेट, आणि तिसऱ्या दिवसापासून परतीच्या गाडीपर्यंत ती माझ्या बैठकीच्या खोलीत खिडक्या लावून वाफारे घेत होती. ‘एवढ्या लांब आले आणि तुझ्या घराच्या भिंती बघून चालले,’ असं जाताना म्हणाली. ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. ज्यांच्या घरात दम्याचं माणूस आहे, तान्हं मूल आहे किंवा सत्तरीच्या पुढचे आईवडील आहेत, त्यांना मी हात जोडून सांगते: दिवाळीची सुट्टी दुसरीकडे घालवा.

‘दिवसभर फिरता येतं’ हा मुद्दा डिसेंबरअखेरीला तर अजिबात टिकत नाही. तेव्हा इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचला मावळतो. मार्चच्या मध्याला दिवस त्याहून दीड तासापेक्षा जास्त मोठा असतो. त्यातही नाताळपासून संक्रांतीपर्यंत धुक्याचे दिवस आले की सकाळचे तीन-चार तास हातचे जातात. कुतुबमिनार सुमारे ७२.५ मीटर उंच आहे. दाट धुक्यात त्याच्या पायथ्याशी उभं राहून वरचे मजले दिसत नाहीत. जंतरमंतरवर याहून वाईट गत होते. सवाई जयसिंगाने १७२४ मध्ये उभारलेली ती यंत्रं सावलीवर वेळ सांगतात. ऊन नसेल तर मुलांना दाखवायचं काय? माझ्या भाच्याने तिथे अर्धा तास ढगांकडे बघत काढला आणि सम्राट यंत्र, म्हणजे तिथलं भलंमोठं सूर्यघड्याळ, त्याच्यासाठी एक मोठा जिना होऊन राहिलं.

धुक्यात गाड्या तासन् तास उशिरा येतात, विमानं वळवली जातात. आग्र्याला जाणाऱ्या यमुना एक्सप्रेसवेवर थंडीत वेगमर्यादा खाली आणावी लागते, यावरूनच तिथल्या सकाळीची कल्पना यावी. चार दिवसांच्या सहलीत एक दिवस गाडीतच गेला, दुसऱ्या दिवशी आग्र्यात ताज धुक्यात बुडालेला आणि तिसरा दिवस नेमका सोमवार, असं झालेलं कुटुंब मी पाहिलंय. सोमवारी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम आणि कमळ मंदिर बंद असतात, तर शुक्रवारी ताजमहाल. दिल्लीत महिन्याइतकाच वारही बघावा लागतो.

आता २६ जानेवारी. संचलन पाहणं हाच हेतू असेल तर जरूर या, तिकीट आधी काढा, पहाटे निघा. आयुष्यात एकदा ते पाहावंच. पण संचलन पाहणं वेगळं आणि त्या आठवड्यात शहर पाहणं वेगळं. जानेवारीच्या मध्यापासून कर्तव्यपथावर सराव सुरू होतात आणि भोवतालचे रस्ते वेळोवेळी बंद होतात. लाल किल्लाही त्या सुमारास बरेच दिवस पर्यटकांना बंद असतो. २०२४ आणि २०२५ मध्ये १९ जानेवारीपासून रोज सकाळी सुमारे अडीच तास दिल्लीच्या विमानतळावर एकही विमान चढलं-उतरलं नाही. राजधानी नटलेली असते हे खरं, पण पाहुण्याला ती अडथळ्यांच्या कठड्याबाहेरूनच दिसते.

खाण्याचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त अर्धा. चांदणी चौकातल्या गल्ल्यांत मिळणारी दौलत की चाट, म्हणजे दुधाचा तो जिभेवर विरघळणारा फेस, थंडीतच मिळते. लाल गाजरांचा हलवाही तेव्हाचाच. पण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थंडी पुरती गेलेली नसते. तेव्हा आलात तर हे दोन्ही मिळतं आणि जोडीला उघडं आकाशही.

मी ज्या आठवड्यांचा आग्रह धरते आहे ते हेच, साधारण १५ फेब्रुवारी ते २० मार्च. सकाळी स्वेटर, दुपारी बिनबाह्यांचा कुडता. वाऱ्याला जोर येतो, ऊन तापू लागतं आणि कोंडलेली हवा हलते. मुंबई-पुण्याहून येणाऱ्याला ती तरीही फार निर्मळ वाटणार नाही, पण नोव्हेंबरची घुसमट तिच्यात नसते. राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान, म्हणजे २०२३ पर्यंतचं मुघल गार्डन, याच काळात लोकांसाठी उघडतं. चाणक्यपुरीत शांतिपथाच्या कडेने ट्युलिप फुललेले असतात. सूरजकुंडचा हस्तकला मेळा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भरतो, म्हणजे थोडं अलीकडे आलात तर तोही साधेल. आणि सेमल! आपली काटेसावर. फेब्रुवारी संपताना निष्पर्ण फांद्यांवर ती लाल फुलं येतात. हुमायूनच्या मकबऱ्याला लागून असलेल्या सुंदर नर्सरीत दुपारी चटई टाकून बसावं, खाली पडलेली जाड पाकळ्यांची फुलं मुलांनी वेचावीत, मागे घुमट दिसावा. माझ्या दृष्टीने दिल्ली पाहणं म्हणजे हे. एक काळजी फक्त घ्या: होळीच्या रंगांच्या दिवशी काही ठरवू नका. मेट्रोसुद्धा दुपारी उशिरा सुरू होते.

‘मार्च म्हणजे उन्हाळा’ हे नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला सांगायला जाऊ नये. दिल्लीचा खरा जाळ एप्रिलच्या मध्यानंतर लागतो आणि मे-जून टाळावेत याबद्दल माझा वाद नाही. जुलै-ऑगस्टही नको, चिकट उकाडा असतो. २०२३ च्या जुलैत तर यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढून पाणी लाल किल्ल्याच्या मागच्या भिंतींपर्यंत पोचलं होतं. पण ‘पावसाळा’ म्हटल्यावर मुंबईकराच्या डोळ्यांसमोर जो पाऊस येतो, त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा दिल्लीत पडतो. आणि त्याने हवा धुऊन निघते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा माझा दुसऱ्या क्रमांकाचा काळ आहे. दुपारी टोपी लागेल, पण आकाश निळं असतं, आणि नवरात्र त्या दिवसांत आलं तर संध्याकाळी रामलीला.

राहिला शाळेचा प्रश्न, आणि तो खरोखर अवघड आहे. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर फाल्गुनाचा विचारच नको, त्यांनी पितृपक्ष-नवरात्राच्या सुमाराचा तो आठवडा धरावा. पण मुलं धाकटी असतील तर १९ फेब्रुवारीची शिवजयंतीची सुट्टी आहेच. तिला शनिवार-रविवार आणि एक-दोन दिवसांची रजा जोडली की काम होतं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १८ फेब्रुवारीला निघायचं तर २० डिसेंबरला सकाळी तिकीट काढायला बसा. सांगलीच्या माझ्या चुलतबहिणीने यंदा तेच ठरवलंय. मामीलाही सोबत आणते म्हणाली.