फिट्झरॉय घाबरट गव्हर्नर नव्हता

डार्विन ज्या बीगल जहाजावरून जगभर फिरला त्याचा कॅप्टन रॉबर्ट फिट्झरॉय, त्याच्यावरची एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. म्हणे न्यूझीलंडचा गव्हर्नर म्हणून तो घाबरट निघाला, त्याच्यामुळेच तिथे युद्ध पेटलं, आणि शेवटी डार्विनचा सिद्धांत सहन न होऊन त्याने आत्महत्या केली. वाचून फार वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

आधी घाबरटपणाचं बघू. १८४३ च्या डिसेंबरात तो ऑकलंडला उतरला, त्याच्या सहा महिने आधी वायराऊ खोऱ्यात २२ गोरे मारले गेले होते आणि वसाहतवाल्यांना बदला हवा होता. पण झालं काय होतं? तिथे गोऱ्यांच्या वसाहती वसवणाऱ्या न्यूझीलंड कंपनीची माणसं न विकलेली जमीन मोजायला घुसली, माओरी (तिथले मूळ रहिवासी) सरदार ते राउपाराहाच्या लोकांनी त्यांचं सामान झोपडीतून नीट बाहेर काढून दिलं आणि मग फक्त झोपडी जाळली, कारण ती आमच्याच जमिनीवरच्या गवताची आहे असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यावर गोरे जाळपोळीचं वॉरंट काढून बंदुका घेऊन अटक करायला गेले, गोळी सुटली, त्यात दुसरा सरदार ते रांगिहाएताची बायको गेली, आणि मग शरण आलेल्या गोऱ्यांनाही मारलं गेलं. फिट्झरॉय स्वतः वाइकानाएला गेला, शेकडो माओरींसमोर ते राउपाराहाचं म्हणणं ऐकलं आणि सांगितलं की पहिली चूक गोऱ्यांची, मी सूड घेणार नाही, पण शरण आलेल्यांना मारलंत हा मोठा गुन्हा आहे. आपल्याच लोकांचा रोष पत्करून हे तोंडावर बोलायला छाती लागते! कंपनी त्याच्या मागे हात धुवून लागली ती इथून.

युद्धाचं खापरही एकट्याच्या डोक्यावर फोडता येत नाही. राजधानी १८४१ मध्येच ऑकलंडला हलली, उत्तरेकडच्या बे ऑफ आयलंड्सचा व्यापार बसला, त्यात जकातीमुळे जहाजं यायची कमी झाली, तिथला माओरी सरदार होने हेके याचा राग त्यातला. त्याने ब्रिटिश झेंड्याची काठी पहिल्यांदा तोडली जुलै १८४४ ला, आणि फिट्झरॉयने त्यानंतर जकात काढूनसुद्धा टाकली. हां, पैशाच्या बाबतीत तो चुकला हे मी मान्य करतो, तिजोरी रिकामी म्हणून कागदी नोटा काढल्या, जकात कधी काढली कधी दुसरा कर लावला, लंडनला वेळेवर कळवलं नाही. हेकेला पकडायला बक्षीस लावलं त्याने तर आगीत तेलच पडलं. मार्च १८४५ ला बे ऑफ आयलंड्सचं कोरोरारेका गाव हेकेच्या लोकांपुढे पडलं, आणि त्याच वर्षी त्याला परत बोलावलं. पण त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज ग्रेला लंडनने पैसा आणि सैन्य दोन्ही दिलं, जे हा मागत होता. मग दोघांची तुलना कशी करायची?

आता आत्महत्या. बायबलवर त्याची श्रद्धा होती, १८६० ला ऑक्सफर्डच्या सभेत तो डार्विनच्या विरोधात बोललाही, हे खरं. पण जीव दिला १८६५ ला, डार्विनचं पुस्तक येऊन पाच वर्षं उलटल्यावर. मधल्या काळात तो करत काय होता ते पोस्टमध्ये नाहीच! १८५४ पासून तो सरकारच्या हवामान खात्याचा प्रमुख होता. १८५९ च्या ऑक्टोबरात रॉयल चार्टर जहाज वादळात फुटून साडेचारशेच्या वर माणसं गेली, आणि त्याने तारेने बंदरांना वादळाचे इशारे पाठवायची सोय उभी केली, १८६१ पासून इशारा आला की किनाऱ्यावर काठीवर कॅनव्हासचा काळा शंकू चढायचा, टोक वर म्हणजे उत्तरेचं वादळ, खाली म्हणजे दक्षिणेचं. कोकणात बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या परत फिरतात ना, त्याच जातीची गोष्ट. अंदाज चुकले की पेपरवाले आणि शास्त्रज्ञ तुटून पडायचे, स्वतःची सगळी पुंजी कामात गेलेली, तब्येत ढासळलेली, ऐकू कमी यायला लागलेलं, आणि मामा कॅसलरेने १८२२ ला स्वतःचा जीव घेतलेला, ती भीती तर तरुणपणापासून मनात. हे सगळं पुसून ‘डार्विनमुळे मेला’ म्हणणं त्या माणसावर अन्याय आहे.

तो गेल्यावर चौकशी बसली आणि १८६६ ला इशारे बंद झाले. मग किनाऱ्यावरच्याच लोकांनी ओरड केली आणि १८६७ ला ते परत सुरू करावे लागले.