नागपुरात राहून बाळंतिणीला संत्रं बंद?

आज मानेवाड्याला मैत्रिणीच्या सुनेचं बाळ बघायला गेले होते. 22 दिवसांचं लेकरू. समोर टोपलीभर संत्री, काटोलहून आलेली, आंबिया बहाराची. ती पोरगी आम्हा सगळ्यांना सोलून देत होती आणि स्वतः एक फोड तोंडात टाकत नव्हती. मी म्हटलं, "काहून गं, तूही घे न." तर म्हणते, "नको काकू, मला बंद आहे. बाळाला सर्दी होते म्हणतात."

मग तिचं ताट आलं. मऊ भात, मुगाचं वरण, तूप. बस. 22 दिवस दोन्ही वेळ तेच. पालेभाजी बंद, बाळाला गॅस होतो. पाणी मोजून. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्याही बंद, कारण "उष्ण पडतात". त्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात हो!

घरी येऊन दोन तास झाले, राग उतरत नाहीये.

माझं बाळंतपण मे महिन्यातलं. बाहेर पारा 45 च्या वर, कूलर बंद, वारा लागतो म्हणून. पाणी जास्त प्यायचं नाही, पोट सुटतं म्हणून. एका रात्री पाजता पाजता जीभ टाळूला चिकटली. बाळाला खाली ठेवलं आणि अंधारात माठाजवळ बसून ओगराळ्यानेच पाणी प्यायले. स्वतःच्या घरात, चोरासारखं.

अंगावर पिणारं बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध पितं. त्या दुधात शंभरात 87 भाग पाणीच. पहिले 6 महिने आईला रोजच्यापेक्षा 600 कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक जादा जेवणच म्हणा न. आणि आपण तिचं आहे ते ताटही अर्धं करतो! पालकाचा चोथा आईच्या आतड्यातच राहतो, दुधात उतरत नाही, मग बाळाला गॅस होईल कसा? बाळाचं वजन वाढतं ते पाहून सगळे खूश. खंगते ती आई, तिच्याकडे पाहतं कोण?

हो, एखाद्या बाळाला आईने घेतलेल्या गाईच्या दुधाचं वावडं असतं, तेव्हा डॉक्टर सांगतील तसं करावं. आणि जुनं सगळं चूक नाही, हेही मान्य. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोप, मीही खाल्लंय, चांगलंच असतं. पण लाडू द्यायचा आणि भाजी-भाकर काढून घ्यायची, ही कुठली रीत?

अन् बाळाचा बाप! माझ्यासमोर चार संत्री खाल्ली त्याने. बायकोला एकदाही विचारलं नाही.

मैत्रिणीवर मात्र जास्त चिडता येत नाही मला. त्या माठाच्या रात्रीचं पुढचं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ओगराळ्याच्या आवाजाने सासूबाई उठल्या. दिवा लावला. मला वाटलं, आता बोलणी बसतात. त्या काहीच बोलल्या नाहीत. गडवा भरला, माझ्या उशाशी आणून ठेवला. मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मले तं सव्वा महिना भाकर अन् मीठच दिलं होतं, बाई. म्या विचारलंच नाही कोणाले." दुसऱ्या दिवसापासून रोज रात्री तो गडवा त्याच भरून ठेवायच्या. माझी मैत्रीणही अशीच बाळंतीण झालेली आहे. ती दुष्ट नाही, घाबरते. नातवाला काही झालं तर आपल्यावर येईल, एवढंच तिच्या डोक्यात.

पण घाबरून त्या पोरीला उपाशी ठेवायचं का?

निघताना मी एक संत्रं सोललं आणि सगळ्यांसमोर तिच्या हातात दिलं. तिने सासूकडे पाहिलं, दोन फोडी खाल्ल्या, बाकीचं हातात तसंच धरून बसली.

उद्या दुपारी परत जाणार आहे. ज्वारीची भाकर, मेथीची पातळ भाजी, जवसाची चटणी नेते. तिच्याजवळ बसून खाऊ घालते. मैत्रीण रागावली तर रागावू दे.