सोंड की शेपूट?

आठ वर्षांचा होतो तेव्हा आजोबांनी माझ्या तळहातावर शिशाची एक काळपट चकती ठेवली. "सातवाहनांचं नाणं आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं. हत्ती दिसला?"

हत्ती कसला, मुंगीही दिसत नव्हती. पण आजोबांचं मन मोडवेना, म्हणून "हो" म्हणालो. तिथेच फसलो.

"सोंड कुठाय?"

मी अंदाजाने बोट टेकवलं.

"ते शेपूट आहे," आजोबा म्हणाले आणि भिंग माझ्या हातात देऊन वर्तमानपत्रात शिरले.

पुढे कितीतरी महिने मी त्या चकतीकडे टक लावून बघत होतो. मग एका संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि ढेकळातून अचानक पाठ वर आली, पाय फुटले, उंचावलेली सोंड दिसली. इतके दिवस मी हत्तीला उलटा टांगून त्याच्याकडे बघत होतो. आजोबांना सांगायला धावलो. ते झोपले होते. उठवलं.

हा नाद मला लागला तो असा. लोकांना वाटतं, जुनी नाणी जमवणं म्हणजे संपत्ती साठवणं. प्रत्यक्षात ही डोळ्यांची हमाली आहे. त्या काळी नाणं हातोडीने ठोकून पाडत. खाली एक ठसा, वर दुसरा, मध्ये धातूची चकती आणि वरून दणका. दणका जरा तिरका बसला की राजाचं अर्धं डोकं नाण्याबाहेर. अथेन्सची घुबडाची चांदीची नाणी केवढी नावाजलेली, पण तिथेही अथेना देवीच्या शिरस्त्राणाचा तुरा बऱ्याचदा चकतीत मावलेला नसतो. देवीची ही गत, तर क्षत्रपांनी, म्हणजे आपल्याकडे पश्चिम भारतात राज्य केलेल्या शक राजांनी, कुणाकडे दाद मागावी?

क्षत्रपांच्या नाण्यांनी माझी ऐन तारुण्यातली रविवारची दुपार कायमची खाल्ली. चांदीचं नाणं जेमतेम नखाएवढं, आणि कडेने ब्राह्मीत मजकूर: अमक्या महाक्षत्रपाचा पुत्र अमका. एका नाण्यावर चार रविवार घासून मी 'रुद्रदामाचा पुत्र' एवढं लावलं. पुढे जिथे मुलाचं नाव हवं, तिथे चकतीच संपलेली! रुद्रदामनचे दोन मुलगे गादीवर बसले, दामजदश्री आणि रुद्रसिंह. त्यामुळे माझ्याकडे आज वडिलांचा पत्ता पक्का असलेला एक बेवारस राजा आहे.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने तर कहरच केला. नहपान या क्षत्रपाला हरवल्यावर त्याची नाणी वितळवत बसायचं सोडून त्याने त्यांच्यावरच आपला ठसा मारला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला जो साठा सापडला, त्यात १३,०००हून अधिक नाणी होती आणि त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर हा दुसरा ठसा होता. सातकर्णीच्या चिन्हामागून नहपानाचं नाक डोकावतं, म्हणजे एकाच नाण्यात दोन राजे न दिसण्याची सोय.

माझा सगळ्यात मोठा पराक्रम मात्र बाराव्या वर्षीचा. कनिष्काचं तांब्याचं नाणं हाती लागलं होतं. त्यावर केस आणि वस्त्र उडवत धावणारा वायुदेव. अंगावर हिरवट थर होता, तो मला मळ वाटला. भांडी घासायची पावडर आणि जुना टूथब्रश घेऊन वीस मिनिटं घासलं. नाणं झळाळलं. वायुदेव खरोखरच पळून गेला. तो हिरवा थर म्हणजे नाण्याचं कवच असतं, हे आजोबांनी सांगितलं तेव्हा मी ब्रश पाठीमागे लपवला होता. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "आता हे तुझंच." ते नाणं अजून वेगळ्या डबीत आहे. शिक्षा म्हणून मीच उघडतो कधीकधी.

लग्नानंतर "दिसतंय का?" हा प्रश्न बायकोच्या वाट्याला आला. पहिलं वर्ष ती "हो, छान आहे" म्हणायची. दुसऱ्या वर्षी नाण्याकडे न बघता म्हणू लागली. एकदा मी मुद्दाम शर्टाचं बटण पुढे केलं. "छान आहे. कुठल्या राजाचं?" म्हणाली. वर ते बटण शिवून देणार नाही हेही तिने तेव्हाच सांगून टाकलं.

गेल्या महिन्यात धाकटी पुतणी आली होती. आठ वर्षांची. आजोबांची चकती तिच्या हातावर ठेवली.

"हत्ती दिसला?"

"हो काका."

"सोंड कुठाय?"

तिने ठामपणे बोट टेकवलं. शेपटीवर.

मी भिंग तिच्याकडे सरकवलं आणि तिची खुर्ची खिडकीपाशी ओढून दिली. ते भिंग अजून परत आलेलं नाही.