ब्रेक ऑइल हे ‘ऑइल’ नव्हेच

पंधरा दिवसांत हा मेसेज मला तीन ग्रुपांवर आला : तालमीच्या, कॉलनीच्या आणि पाहुण्यारावळ्यांच्या. मजकूर असा : “भावांनो, जुन्या गाडीचं ब्रेक ऑइल बदलायला लावून गॅरेजवाले लुटतात. सिस्टीम सीलबंद असते, ऑइल खराब होतच नाही. ब्रेक लागतायत म्हणजे ऑइल ठणठणीत. कमी झालं की वरून ओता, काळं पडलं तरच बदला. अडचणीत इंजिन ऑइलही चालतं. उरलेली बाटली जपून ठेवा, पाच वर्षं पुरते.”

सगळा घोळ ‘ऑइल’ या शब्दानं केलाय. आपण सगळेच तसं म्हणतो, मीही म्हणतो. पण बॉनेटखालच्या ब्रेकच्या डबीत असतं ते तेल नव्हे. बाटलीवर लिहिलेले डॉट 3 आणि डॉट 4 हे त्याचे दर्जे, आणि दोन्ही ग्लायकॉल या रसायनाच्या घराण्यातली द्रवं. तेल पाण्यावर तरंगतं. हे पाणी ओढून पोटात घेतं.

आता ‘सीलबंद’चं बघू. चाकाला दाबून धरणारे ब्रेकचे पॅड झिजले की डबीतली पातळी उतरते, आणि उतरलेल्या जागी हवा यायला हवी. म्हणून झाकणाला वाट ठेवलेली असते. शिवाय चाकांपाशी जाणारे रबरी होस वर्षानुवर्षं थोडी थोडी ओल आत झिरपू देतात. पावसाळ्यात आमच्या कोल्हापूरच्या गगनबावड्याकडं चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, त्या हवेत गाडी उभी असते आपली.

ओल गेल्यानं काय होतं? उकळण्याचा बिंदू खाली येतो. कोऱ्या डॉट 3 चा किमान 205 अंश सेल्सिअस, डॉट 4 चा 230. हेच द्रव सुमारे 3.7 टक्के पाणी प्यालं, की प्रमाण म्हणून धरलेले आकडे अनुक्रमे 140 आणि 155 वर येतात. द्रव दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. त्यात वाफेचा बुडबुडा झाला की तो दाबला जातो, आणि पॅडल नुसतं खाली जातं.

“ब्रेक लागतायत म्हणजे ठणठणीत” हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण ते रोज खरं ठरतं. कोल्हापुरात रंकाळ्याभोवती किंवा दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला ब्रेक तापतच नाहीत. घाटाचा हिशेब वेगळा. माणसांसकट 900 किलोची गाडी 100 मीटर खाली उतरली, की साधारण पावणेतीन लिटर साधं पाणी उकळीला आणेल एवढी ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर बराच वाटा इंजिन उचलतं. न्यूट्रलमध्ये घरंगळत पेट्रोल वाचवणारे तो सगळा ब्रेकवर टाकतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. गगनबावड्याहून कोकणात जाणारा करूळ घाट उतरताना पायथ्याजवळ माझ्या जुन्या छोट्या गाडीचं पॅडल असंच स्पंजासारखं झालं. दुसरा गिअर, मग पहिला, वर हँडब्रेक, अशी कशीबशी कडेला घेतली. बहुतेक जुन्या गाड्यांत हँडब्रेक तारेवर चालतो, त्याचा या द्रवाशी संबंध नाही, त्यानं वाचवलं. अर्ध्या तासानं पॅडल पुन्हा टणक! वाफेचं पाणी झालं होतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, “दादा, ब्रेक तर एक नंबर हाईत की.” थंड गाडीत त्याला तरी काय दिसणार? ऑइल किती वर्षांचं होतं, हे मलाच आठवत नव्हतं. चूक माझीच.

पाण्याचा दुसरा उद्योग गंजाचा. कोल्हापुरात कारखान्यांच्या उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला बिडाला गंज कसा धरतो हे सांगायला नको. मागच्या ड्रममधलं व्हील सिलिंडर, म्हणजे द्रवाच्या दाबानं ब्रेक ढकलणारी नळी, बिडाचं असेल, तर आत खड्डे पडतात, रबरी कप त्यावर घासून फाटतो आणि ड्रममध्ये ओल दिसायला लागते. त्यामुळं पातळी उतरली की नुसतं ‘वरून ओता’ हा सल्ला उलटा आहे. आधी पॅड किती झिजलेत ते बघा. ते जाड असूनही पातळी उतरत असेल तर गळती शोधा. ओतून गळती झाकली जाते, एवढंच.

रंगाचं थोडक्यात : काळपटपणा बराचसा रबराचा आणि उष्णतेचा. पाणी रंगहीन असतं. सोनेरी दिसणारं द्रवही पाणी प्यालेलं असू शकतं.

इंजिन ऑइल? थेंबभरही नको. ब्रेकची रबरं ग्लायकॉलसाठी बनलेली. खनिज तेलात ती फुगतात, ब्रेक धरून बसतात आणि सगळी रबरं बदलायची वेळ येते. तसंच सिलिकॉनवालं डॉट 5 ही यात मिसळू नका. नाव जवळचं असलं तरी डॉट 5.1 वेगळं, ते ग्लायकॉलचंच.

गॅरेजवाले लुटतात यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. दर सर्व्हिसिंगला बदला म्हणणारा भेटला तर नम्रपणे नकार द्या. पुस्तिकेत मुदत असेल ती पाळा, नसेल तर दोन वर्षं धरा. छोट्या गाडीला लिटरभर पुरतं. चौघांच्या तांबड्या-पांढऱ्याच्या जेवणापेक्षा स्वस्तच.

काम करून घेताना मात्र शेजारी उभे राहा. नुसती डबी उपसून भरणं म्हणजे बदलणं नव्हे. चारही चाकांच्या निप्पलमधून, म्हणजे द्रव बाहेर काढायच्या छोट्या तोंडातून, नवं द्रव येईपर्यंत जुनं काढायचं, मधे डबी रिकामी होऊ द्यायची नाही. जुन्या गाडीत पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायला सांगा. एरवी पॅडल तळापर्यंत जात नाही, त्यामुळं मास्टर सिलिंडरचा (पॅडलच्या जोरानं द्रव ढकलणाऱ्या मुख्य नळीचा) तो भाग गंजलेला असतो आणि तिथं रबर गेलं की चिरतं. बॉनेटच्या रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

राहिली ती जपून ठेवायची बाटली. झाकण एकदा उघडलं की तीही हवेतली ओल प्यायला लागते. माझ्या माळ्यावर अशी अर्धी बाटली दोन पावसाळे पडून होती. परवाच ती वापरलेल्या ऑइलच्या डब्यात न ओतता वेगळी बांधून दिली.